फिश टँकचं दुकान, सांगली: झाडांसाठी जा, माशांसाठी नको

जानेवारीत डोक्यात किडा शिरला की घरी झाडांचा फिश टँक करायचा, म्हणजे ती प्लास्टिकची गुलाबी झाडं आणि तोंड उघडझाप करणारा शिंपला वगैरे नको, खरीखुरी झाडं पाण्यात वाढतात तसला. आई म्हणाली, 2019 ला नदी स्वतः घरात येऊन गेली, तेवढं पाणी पुरलं नाही का तुला? (आम्ही गावभागातले, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीतले.) तरी गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकाबद्दल जे पुढं लिहिलंय ते वाचून माणूस वाईट वाटेल, तसा वाईट नाही ओ. फक्त त्याला सगळं आजच विकायचं असतं. मी दोन फुटी टँक म्हटलं तर त्यानं पूर्ण सेटचा हिशोब मांडला, रंगीत खडे, कव्हर, हीटर, मागचं समुद्राचं पोस्टर, 7,500. मी नुसता टँक घेतला. 2 बाय 1 बाय 1 फूट, 5 एमएम काच, 1,300 रुपये. काम एक नंबर आहे, सिलिकॉनची रेघ सरळ, पाच महिने झाले, थेंब गळला नाही. एक मात्र, त्यात 56 लिटर पाणी बसतंय म्हणजे नुसत्या पाण्याचंच 56 किलो, टीव्हीच्या टेबलावर ठेवायच्या भानगडीत पडू नका, आणि खाली थर्माकोलची शीट घालाच, 30 रुपयांसाठी काच तडकवू नका.

एअर पंप आणि स्पंज फिल्टर मिळून 350, तेही तिथूनच, बरं चाललंय, पंपाची घरघर रात्री ऐकू येते पण सवय झाली. लाइट मात्र त्याच्याकडचा महाग वाटला म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातनं साधी 20 वॅटची एलईडी पट्टी आणली, 6500 केल्विनवाली, म्हणजे पांढऱ्या उजेडाची, 240 रुपये. रोज सात तास. सुरुवातीला हौसेनं बारा तास लावत होतो तर आठवड्यात काचेला हिरवं शेवाळ, आतलं काही दिसेना.

खालच्या थराला पैसे घालवलेच नाहीत. नर्सरीतली लाल माती एक इंच, शेणखत न मिसळलेली, आणि वर शेजारच्या बांधकामावरची वाळू दीड इंच, अर्थात विचारून. वाळू बादलीत किती वेळा धुतली मोजलं नाही, हात सुरकुतले. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओतून बघितलं, फेस आला असता तर चुनखडी आहे समजून टाकून दिली असती. शेतातली काळी माती घेऊ नका, आपल्याकडं तिच्यात चुनखडीचे खडे निघतात, पाणी क्षारांनी जड होतं. पाणी भरताना वाळूवर स्टीलची ताटली ठेवून तिच्यावर धार सोडायची, नाहीतर माती उसळून सगळा चहा होतो.

आता मुद्द्याचं. मालक म्हणाला, "पाणी भरा, निळं औषध टाका, संध्याकाळी मासे सोडा, काय होत नाही." मी शहाणा, आठ निऑन टेट्रा घेतले, 40 ला एक. चार दिवसांत सहा गेले. 240 रुपये पाण्यात गेले म्हणजे खरोखर पाण्यात. नवीन टँकमध्ये माशांच्या विष्ठेचा अमोनिया होतो, तो नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे विषातच पोहतात. आणि ते निळं औषध त्या जिवाणूंनाच मारतं. हे विकणाऱ्याला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. तक्रार केली तर म्हणाला, "लॉटच आजारी निघाला असेल, दुसरे देतो, निम्म्यात." नको म्हटलं.

पण झाडं! दुकानाच्या मागं एक पोरगं असतं, विशीतलं, मालक गल्ल्यावर आणि हा टाक्यांत कोपरापर्यंत हात घालून. त्यानं मला ॲन्युबियास दाखवली, "दादा, हिचं हे आडवं खोड वाळूत गाडायचं नाही, कुजतंय. लाकडाला बांधा," आणि स्वतःच काळा दोरा घेऊन दोन वेढे देऊन दाखवले, घट्ट नाही, हलणार नाही इतपत. जावा फर्नचंही तसंच. क्रिप्ट (क्रिप्टोकोरिन) घेतली तर म्हणाला पंधरा दिवसांत पानं विरघळतील, उपटून टाकू नका, मुळातनं परत येतंय. आली. लांब पात्यांच्या व्हॅलिस्नेरियानं तर आता मागची अख्खी काच झाकली. सगळी झाडं 450 ला. घरी आणल्यावर तुरटीच्या पाण्यात बुडवून मग धुवा, हेही त्यानंच सांगितलं, गोगलगायीची अंडी मरतात म्हणे. माझ्याकडं तरी दोन निघाल्याच, असू देत.

राहिलेल्या दोन निऑनवरच महिना काढला आणि मग मासे फुकट आणले. डासांसाठी आरोग्य खात्याची माणसं गप्पी मासे देतात ना, तेच, ओळखीतनं दहा मिळाले, आता मोजता येत नाहीत. हीटर घेतलाच नाही, मे महिन्यात उलट पाणी 32 वर गेलं, टेबल फॅन पाण्यावर तिरका लावला तर दोन-तीन डिग्री उतरलं. नळाचं पाणी बादलीत चोवीस तास ठेवून मग बदलतो, आठवड्याला पाव टँक.

निऑन सोडून एकूण खर्च 2,370. दुपारी लाइट लावून चार-पाच तास झाले की व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर बारीक बुडबुड्यांची माळ लागते, तेव्हा आईपण खुर्ची ओढून बसते, बोलत काही नाही.

जायचं असेल तर दुपारी दोनच्या सुमारास जा. मालक जेवायला गेलेला असतो.