साठ हजारांतला गेमिंग पीसी: नागपूरचा एक उन्हाळा काढल्यानंतर

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर हा पीसी जोडला. त्यानंतर नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) होऊन गेला, पावसाळ्यात दिवसाआड लाईट जाऊन झाली, आणि आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहावं इतका तो वापरून झालाय. पार्ट कसे निवडावेत यावरचे बहुतेक व्हिडिओ एसी खोलीत, नव्याकोऱ्या सामानावर केलेले असतात. आपल्याकडे पार्टची परीक्षा मे महिन्यात होते, तीही दुपारी.

घेतलं ते असं: रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, ३२०० वेगाच्या ८-८ जीबीच्या दोन रॅम, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (गेम साठवायची वेगवान डिस्क), ५५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. मॉनिटर वेगळा, २४ इंची, १०८०पी, १६५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १६५ चित्रं, अर्थात फ्रेम, दाखवणारा). मॉनिटर सोडून हिशोब साठ हजारांच्या आत बसला. त्यातले साधारण वीस हजार एकट्या ग्राफिक कार्डाला गेले, आणि ते तसेच जायला हवेत असं माझं आजही मत आहे. गेमिंगसाठी मशीन घेताय ना, मग पैशाचा सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा.

हे ठासून सांगतोय, कारण दुकानात नेमकं उलटं विकलं जातं. "भाऊ, आय-सेव्हन आहे, चार जीबीचं ग्राफिक आहे, अजून काय पाहिजे?" हे वाक्य गेमिंग पीसी शोधणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. तो आय-सेव्हन बहुतेक वेळा २०१२ मधला ३७७० निघतो आणि ते चार जीबीचं ग्राफिक म्हणजे जीटी ७३०. त्या कार्डाची ताकद इतकी तोकडी आहे की चार जीबी मेमरी भरेल असा गेम त्याला पेलतच नाही. वर लाल-निळ्या लाईटा लावल्या की पोरं हुरळतात आणि आईबाप पैसे मोजतात. मला याची खरोखर चीड येते. प्रोसेसरची पिढी विचारा, कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर विचारा, दोन्ही बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला काचकूच केली तर दुसरं दुकान गाठा.

आरएक्स ६६०० घेताना स्वस्तातला पर्याय होता जुन्या १६६० सुपर कार्डाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डांवर गणितं चालवून ते कमावणं) बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं सेकंडहँड बाजारात आली. काही अजून चांगली चालतात, नाही असं नाही. पण १६६० सुपरमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायच्या तंत्राचं) हार्डवेअर नाही, आणि आता काही गेमना ते असल्याशिवाय चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ने किमान कार्डांच्या यादीत आरएक्स ६६०० चं नाव दिलंय. म्हणजे माझं कार्ड त्या उंबरठ्यावर उभं आहे आणि १६६० सुपर बाहेर राहिलं. तेव्हा वाचले असते चार-पाच हजार, ते पुढे महागात पडले असते.

खेळताना कसं आहे? फ्रेमची मर्यादा न बांधता व्हॅलोरंट सेकंदाला १६५ फ्रेमच्या कितीतरी वर पळतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि गर्दी झाली की आकडा खाली येतो, पण हात अडत नाही. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग बंद ठेवून, हाय सेटिंगवर, एफएसआर (चित्र लहान काढून मग मोठं करायची एएमडीची सोय) लावून साठच्या वर राहतो. रे ट्रेसिंग चालू करायची हौस या कार्डावर करू नये. कार्डाची ८ जीबी मेमरी १०८०पीला आज पुरते, नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांचा बारकावा) एक पायरी उतरवावं लागतं. १४४०पी, म्हणजे आणखी बारीक चित्राचा, मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर हे कार्ड तुमच्यासाठी नाही.

प्रोसेसरबद्दल फार लिहायला नको, ५६०० ने कधी तक्रारीला जागा दिली नाही. एवढंच, की दुकानदार शेवटी 'जी' असलेला ५६००जी पुढे करतो आणि दोन्ही सारखेच म्हणतो. सारखे नाहीत. 'जी'मध्ये आतलं ग्राफिक मिळतं, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ च्या जागी १६ एमबी आणि पीसीआय (कार्डाशी बोलायचा मार्ग) ४.० च्या जागी ३.०. आरएक्स ६६०० आधीच त्या मार्गाच्या सोळापैकी आठच लेन वापरतं, ३.० वर तो आणखी अरुंद होतो, त्यामुळे वेगळं कार्ड घेणाऱ्याने साधा ५६०० च घ्यावा.

रॅम दोन काड्यांत घ्या, एका १६ च्या काडीत नको. आणि पीसी हातात आला की बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ते केलं नाही तर ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. ओळखीतल्या दोघांच्या मशीनवर मी स्वतः हे पाहिलं. मॉनिटरचंही तसंच, १६५ हर्ट्झचा घेतला तरी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडल्याशिवाय तो ६० वरच राहू शकतो.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा '४५० वॉट' कृपा करून घेऊ नका. ५६०० आणि आरएक्स ६६०० मिळून फार वीज खात नाहीत, कार्ड १३२ वॉटचं आहे, प्रोसेसर ६५ चा. आकड्यांवर पाहिलं तर ४५० पुष्कळ झाले. पण चांगल्या एसएमपीएसमध्ये पैसे संरक्षणासाठी द्यायचे असतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाताना नुसती जात नाही, आधी तीन-चारदा लपलप करते, मग जाते, आणि येताना झटका देऊन येते. त्या लपलपीत पीसी बंद पडला, पण एकही पार्ट गेला नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी लावणाऱ्यांनी इन्व्हर्टर साइन वेव्हचा (लाईनसारखीच सुरळीत वीज देणारा) आहे ना ते बघावं. मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते त्याच मोडवर ठेवावं. साध्या मोडमध्ये लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंतचा क्षण पंख्याला चालतो, पीसीला चालेलच असं नाही.

आणि अर्थिंग! अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हे जुन्या घरांत इतकं सर्रास आहे की लोकांना ते नेहमीचंच वाटतं. ते नेहमीचं समजू नका. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जायला हवा असतो. भिंतीत अर्थच नसेल तर तो पत्र्यावर साचून राहतो आणि तुम्ही हात लावलात की तुमच्यातून वाट काढतो. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण तेवढेच व्होल्ट दिसले पाहिजेत जेवढे फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतात. आमच्या खोलीतल्या बोर्डाला तीन भोकं होती, पण तिसऱ्यामागे वायरच नव्हती. पीसी जोडायच्या आधी ती ओढून घेतली. साठ हजारांच्या यादीत हा खर्च कोणी धरत नाही, मी म्हणेन पहिला धरा.

उन्हाळ्याचं सविस्तर सांगतो, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर ४५, खोलीत कूलर चालू असूनही ३५-३६. प्रोसेसरबरोबर येणारा छोटा पंखा थंडीत छान चालतो. एप्रिलच्या शेवटी खेळताना तापमान ८५ च्या पुढे जाऊ लागलं, आणि ५६०० ची मर्यादा ९० आहे. पंख्याचा आवाज तर कूलरच्याही वर. दोन हजारांच्या आतबाहेर मिळणारा १२० एमएम पंख्याचा टॉवर कूलर बसवला आणि तेच तापमान सत्तरीत आलं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या कोणी विचारलं तर हा खर्च मी पहिल्याच यादीत घालायला सांगतो. पुण्या-मुंबईत नाही घेतला तरी चालेल.

ग्राफिक कार्डाला नवीन काही लागलं नाही. एएमडीच्या अॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज थोडं थोडं उतरवत गेलो, प्रत्येक पायरीला तासभर गेम चालवून पाहिला, आणि जिथे अडखळलं त्याच्या एक पायरी वर थांबलो. शिवाय फ्रेमची मर्यादा १२० वर बांधली. मेच्या दुपारी कार्डाचं जंक्शन तापमान (चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) पंचाण्णवच्या आसपास असायचं. कार्डाची मर्यादा ११० आहे, म्हणजे धोका नव्हताच, पण आता ते ऐंशीच्या घरात राहतं आणि खोलीही कमी तापते. खेळताना फरक जाणवत नाही.

डेझर्ट कूलर असेल तर पीसी त्याच्या झोतात ठेवू नका. गार हवा मिळेल असं वाटतं, पण ती हवा ओली असते, खस नवी असताना बारीक तुषारही येतात. ओल्या हवेत धूळ फिल्टरच्या जाळीवर नमद्यासारखी घट्ट बसते आणि ब्लोअरने हलत नाही, फिल्टर काढून धुवावाच लागतो. मी पीसी झोताच्या बाजूला, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलाय. उन्हाळाभर दर पंधरवड्याला जाळी धुतो. पुढून जाळीऐवजी काच असलेली कॅबिनेटं दिसायला देखणी असतात, या हवेत मी ती घेणार नाही.

बिघाड एकच झाला. पावसाळ्यात अधूनमधून निळा स्क्रीन येऊ लागला, रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवल्यावर एक रॅम खराब निघाली. कंपनीने जोडी म्हणून विकली असल्याने दोन्ही परत पाठवाव्या लागल्या आणि बदलून यायला बराच वेळ गेला. तेवढे दिवस एका मित्राने त्याची जुनी ८ जीबी काडी दिली म्हणून मशीन चालू राहिलं. घेताना जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर, आणि त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे की कुरियरने पाठवायचं, एवढं विचारून घ्या. दोन-तीनशे रुपये स्वस्त मिळालेला पार्ट बिलाशिवाय असेल तर तो स्वस्त नाही.

आज घेणाऱ्याला एक सांगायचं राहिलं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे माझा जुना हिशोब जसाच्या तसा बसणार नाही. तरी कार्डाला हात लावू नका. एसएसडी ५०० जीबीची घेऊन पुढे वाढवता येते, फक्त रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी मागतो हे ध्यानात ठेवा. बोर्ड मात्र चार रॅम स्लॉटचा बघा. मी आता आणखी दोन काड्या टाकायचा विचार करतोय, पण भाव उतरल्यावर. त्याआधी ५७००एक्स३डी प्रोसेसर कुठे रास्त भावात सापडला तर तो याच बोर्डावर बायॉस अपडेट करून बसतो, आणि त्याची ९६ एमबी कॅश काउंटर-स्ट्राइकच्या त्या धुरात कामाला येईल.