इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी एलएफपी की एनएमसी? ठाण्यात राहून थंडीत गावी जाणाऱ्यांसाठी

माझं माहेर निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की पेपरात बातमी येते, तोच हा भाग. डिसेंबरात आम्ही घोडबंदर रोडवरून दुपारी निघालो, कसारा घाट चढलो आणि संध्याकाळी पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे चहाला थांबलो. तिथल्या 60 किलोवॉटच्या चार्जरला गाडी लावली, स्क्रीनवर 46 किलोवॉट दिसत होते. तीन दिवसांनी परत निघताना पहाटे साडेसहाला त्याच चार्जरची तीच गन लावली. बॅटरी साधारण तितकीच भरलेली, शेजारच्या गनला दुसरी गाडीही नाही. आकडा 17. सोडायला आलेला भाऊ म्हणाला, "ताई, चार्जर बिघडलाय." चार्जर ठणठणीत होता. गाडी रात्रभर द्राक्षबागेशेजारच्या अंगणात उभी राहून गारठली होती.

आता सोसायटीत कुणी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालं की मला विचारतात, कोणती बॅटरी घेऊ? या प्रश्नाचं उत्तर थंडीत नेमकं काय होतं त्यावर बरंचसं ठरतं, म्हणून आधी ते सांगते.

चार्जिंग चालू असताना लिथियमचे आयन इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. गारठ्यात हा द्रव दाट होतो, आणि थरांत आत सरकणंही मंदावतं. सकाळी ठाणे स्टेशनात लोकलचं दार आठवा: आतले पुढे सरकले नाहीत की चढणारे दारातच अडकतात. अशा वेळी करंट रेटला तर लिथियम आत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. त्यातला काही भाग कायमचा वाया जातो, म्हणजे तेवढी क्षमता गेली. साचत राहिलं तर सेलच्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. म्हणून गाडीतली बॅटरी मॅनेजमेंट यंत्रणा सेलचं तापमान बघून चार्जरकडे कमीच करंट मागते. चार्जरवर 60 लिहिलंय की 120, याने तेव्हा काही फरक पडत नाही.

40 युनिटच्या बॅटरीत 20 ते 80 टक्के भरायला 24 युनिट लागतात. 46 किलोवॉटने साधारण अर्धा तास. 17 ने तासापेक्षा बरंच जास्त, जरी बॅटरी तापत जाते तसा वेग थोडा वाढत असला तरी.

आता निवड. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. नेक्सॉन, महिंद्राची बीई 6, बीवायडीची अॅटो 3 यांत ती आहे. एनएमसीत निकेल, मँगनीज, कोबाल्ट असतं. क्रेटा इलेक्ट्रिक, कियाची ईव्ही 6 या त्या बाजूच्या. थंडीत एलएफपी जास्त आखडते. तिच्यातून विजेचं वहन मुळातच कमी, त्यामुळे इतर सगळं सारखं असेल तर पहाटेच्या चार्जरवर एनएमसी पुढे राहते. तेवढ्याच वजनात ती ऊर्जाही जास्त साठवते.

पण आपण वर्षातले किती दिवस निफाडला असतो? ठाण्याच्या जानेवारीत बॅटरीला थंडी वाजत नाही. इथला प्रश्न एप्रिल-मेचा आहे, उघड्या पार्किंगचा आणि गायमुखच्या कोंडीचा. उष्णतेत एलएफपी जास्त स्थिर असते, तिची चार्जिंगची आवर्तनं जास्त टिकतात, आणि ती 100 टक्के भरली तरी चालतं. उलट अधूनमधून पूर्ण भरायलाच सांगतात, कारण तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं आणि टक्केवारीचा अंदाज चुकत जातो. एनएमसी रोजच्या वापरात 80 टक्क्यांवर थांबवलेली बरी. ठाण्यात राहणाऱ्या, महिन्या-दोन महिन्यांनी गावी जाणाऱ्या घराला मी एलएफपीच सांगते, आणि ठामपणे सांगते. कामानिमित्त दर आठवड्याला नाशिक-धुळे करणारा, रात्री उघड्यावर गाडी लावून पहाटे फास्ट चार्जर गाठणारा माणूस असेल, तर त्याने एनएमसी बघावी.

मात्र रसायनापेक्षाही मोठा फरक पाडणारी एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. बॅटरी गरम करायची सोय. काही गाड्यांत नेव्हिगेशनमध्ये चार्जर निवडला की गाडी वाटेतच बॅटरी तापवायला घेते. अशी एलएफपी गाडी, ही सोय नसलेल्या एनएमसीला पहाटे सहज मागे टाकू शकते. "लिक्विड कूलिंग आहे मॅडम" हे त्याचं उत्तर नव्हे. ते थंड करण्याबद्दल झालं. बाहेरच्या देशात मिळणारी सोय इथल्या मॉडेलमधून काढलेली असू शकते, तेव्हा तुम्ही घेणार त्याच व्हेरिएंटबद्दल विचारा.

2024 च्या जानेवारीत शिकागोच्या कडाक्यात चार्जरपाशी गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. थंडी नॉर्वेतही असते, तरी त्याच वर्षी तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथल्या पुष्कळ लोकांची गाडी रात्री घरीच चार्ज होते. घरच्या संथ चार्जिंगला आपल्याकडची थंडी फारशी जाणवतही नाही, कारण 3 किंवा 7 किलोवॉट म्हणजे 40 युनिटच्या बॅटरीला अगदी किरकोळ करंट. त्यामुळे पार्किंगमध्ये पॉइंट मिळणार असेल तर चार्जरच्या वेगावरून गाडी ठरवू नका.

फास्ट चार्जर लागणारच असेल तर तो मुक्कामाला पोचताना, गाडी धावून गरम असताना लावा. तीनशे-चारशे किलोची बॅटरी संध्याकाळी मिळवलेली ऊब रात्रभरात गमावते आणि सकाळच्या चार-पाच किलोमीटरमध्ये ती परत येत नाही.

भावाने नंतर वायरमन बोलावून पडवीत नीट अर्थिंग केलेला 16 अँपिअरचा सॉकेट बसवला. रात्री नऊला लावली तर सकाळी सातपर्यंत 25-30 युनिट जातात, तेवढ्यात ठाणं गाठता येतं. फक्त गार आणि भरलेल्या बॅटरीत रिजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं, जवळजवळ लागत नाही, म्हणून फाट्यापर्यंत ब्रेकवर पाय ठेवून चालवते.