पाळी चुकली: घरची पट्टी, रक्ततपासणी की सोनोग्राफी?

पाळीची तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले की शरीराची प्रत्येक हालचाल जाणवायला लागते. छाती जड वाटते, सकाळी उठवत नाही, रोजच्याच फोडणीचा वास नकोसा होतो. दिवस गेले असतील का? आई म्हणते चेहऱ्यावरून कळतं, मैत्रीण म्हणते लगेच रक्त तपासून घे, नवऱ्याला वाटतं थेट सोनोग्राफीच करून टाकावी. माझं मत आधीच सांगते: बहुतेकींना मेडिकलमधली लघवी तपासायची साधी पट्टी पुरते. मात्र ती योग्य दिवशी आणि नीट वापरायला हवी. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी तिच्यापेक्षा वरच्या दर्जाच्या आहेत असं समजून पैसे घालवू नका. त्या दोन्ही वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देतात.

आधी लक्षणांचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं, मग गर्भ राहिलेला असो वा नसो. छाती दुखणं, पोट फुगणं, बद्धकोष्ठता, थकवा, चिडचिड हे बरंचसं याच हार्मोनमुळे होतं. म्हणून पाळीच्या आदल्या आठवड्यातली लक्षणं आणि गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीची लक्षणं बाहेरून एकसारखीच दिसतात. फरक कळतो तो पुढे. पाळी येणार असेल तर ती सुरू झाल्यावर हे सगळं ओसरतं, आणि दिवस गेले असतील तर वाढत जातं. मालिकांमध्ये बाईला भोवळ आली, उलटी झाली की घरात पेढे वाटतात. प्रत्यक्षात मळमळ बहुतेकदा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे पाळी चुकून दोनेक आठवडे झाल्यावर. काहींना तर ती होतच नाही. त्यामुळे ‘मला काहीच होत नाहीये, म्हणजे नसेलच’ या समजुतीत राहू नका.

डागाचंही तसंच. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजताना काही जणींना गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. तो एखाद-दोन दिवस, तोही पाळीच्या तारखेच्या थोडा आधी किंवा आसपास दिसतो आणि पॅड भिजण्याइतका नसतो. पुष्कळ जणींना तो दिसतच नाही. उलट काही जणी या डागालाच पाळी समजतात आणि महिनाभर निर्धास्त राहतात. ‘यावेळी अंगावरून फारच कमी गेलं’ असं वाटलं तर टेस्ट करून मोकळ्या व्हा.

आता चाचण्या. घरची पट्टी आणि रक्ततपासणी दोन्ही एकच गोष्ट शोधतात, एचसीजी हे हार्मोन. गर्भ रुजल्यावरच ते तयार व्हायला लागतं, आणि बीज बाहेर पडल्यापासून रुजायला साधारण ६ ते १२ दिवस लागतात. त्याआधी कुठलीही चाचणी केली तरी उत्तर ‘नाही’ असंच येणार. सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. त्यामुळे आज निगेटिव्ह आलेली टेस्ट तीन दिवसांनी ठळक पॉझिटिव्ह येऊ शकते. ही टेस्टची चूक नव्हे, घाई झालेली असते.

पट्टी वापरण्यात ज्या चुका होतात, त्या बहुतेक मिनिटांच्या आणि थेंबांच्या असतात. सकाळची पहिली लघवी घ्या, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. आदल्या रात्री ‘लघवी व्हावी’ म्हणून भरपूर पाणी पिऊ नका. कोरड्या, स्वच्छ वाटीत नमुना घ्या आणि सोबतच्या ड्रॉपरने पाकिटावर सांगितले तेवढेच थेंब, बहुतेक किटमध्ये ३, गोल खळग्यात टाका. मग पट्टी सपाट ठेवून पाकिटावर दिलेल्या वेळेचं घड्याळ लावा. ‘सी’ची रेघ, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण, उमटली नाही तर पट्टी बाद, नवी आणा. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही उमटल्या तर पॉझिटिव्ह. ‘टी’ची रेघ फिकट आहे म्हणून ‘अर्धवट’ असं काही नसतं. वेळेत दिसलेली रंगीत फिकट रेघही पॉझिटिव्हच धरायची. पण पट्टी कचऱ्यात टाकून तासाभराने पुन्हा काढून बघितली आणि तेव्हा राखाडी सावली दिसली, तर ती लघवी वाळल्याची खूण असू शकते, तिच्यावर जाऊ नका. रोज नवी पट्टी आणून रेघ किती गडद झाली हे ताडणंही थांबवा. पट्टी हो-नाही सांगायला बनवलेली आहे, मोजायला नाही.

कधी करायची? तारीख उलटल्यावर. जमलं तर आठवडाभर थांबा, तोवर उत्तर भरवशाचं येतं. तारखेच्या चार-पाच दिवस आधीच टेस्ट करण्याच्या मी विरुद्ध आहे. इतक्या लवकर कळलेले काही गर्भ रुजताच गळून जातात आणि पाळी जवळपास वेळेवरच येते. एरवी जे कळलंही नसतं, त्याचं दुःख उगाच पदरात येतं.

पट्टी विकत आणायला संकोच वाटत असेल, आणि लहान गावात ओळखीच्या मेडिकलवाल्यापुढे तो वाटतोच, तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट मोफत मिळतं.

रक्ताची बीटा एचसीजी तपासणी पट्टीपेक्षा दोन-चार दिवस आधी गर्भ पकडू शकते, पण तिचं खरं मोल ती आकडा देते यात आहे. ५ च्या खाली असेल तर निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं असेल तर पुन्हा तपासायचं. डॉक्टर ४८ तासांच्या अंतराने दोनदा तपासायला सांगतात ते आकडा नीट वाढतोय का हे बघायला. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) झालं असेल, आधी गर्भपात झाला असेल, गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिल्याचा इतिहास असेल, पट्टी धड हो म्हणत नसेल आणि नाहीही म्हणत नसेल, तर रक्त तपासा. नुसतं ‘खात्री व्हावी’ म्हणून असेल तर गरज नाही, ठळक दोन रेघांपेक्षा वेगळं उत्तर ती बहुतेक देणार नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर साधारण दोन आठवडे पट्टीही फसते आणि रक्तही. तिथे डॉक्टरांनी दिलेली तारीखच पाळायची.

सोनोग्राफीची घाई मला सगळ्यात जास्त खटकते. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पाळी चुकली त्याच दिवशी हिशोबाने चार आठवडे भरलेले असतात. त्या वेळी सोनोग्राफीत बहुधा काहीच दिसत नाही. पाचव्या आठवड्याच्या सुमारास, तेही योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, गर्भाची पिशवी दिसते. ठोके सहाव्या-सातव्या आठवड्यात. पाळी उशिरा येणाऱ्या बाईत हे सगळं आणखी पुढे सरकतं. कितीतरी जणी पाचव्या आठवड्यात जातात, ‘ठोके नाहीत’ हे ऐकतात आणि दोन आठवडे रडून काढतात, आणि नंतर सगळं व्यवस्थित निघतं. दुखणं किंवा रक्तस्राव नसेल तर सातव्या-आठव्या आठवड्यात, डॉक्टर सांगतील तेव्हा जा. गर्भ गर्भाशयातच आहे ना, एकच आहे की जुळं, किती दिवसांचा आहे, हे फक्त सोनोग्राफी सांगू शकते.

काहींना ‘तारीख उलटली’ हेच कळत नाही. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास) असेल, बाळ अंगावर पीत असेल, चाळिशीत पाळी मागेपुढे होत असेल, तर शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी टेस्ट करा, त्या वेळचं उत्तर विश्वासाचं. आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे गौरी-गणपती, लग्न किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. त्या बंद केल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा गेला तरी आली नाही तर ‘गोळ्यांमुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक नव्हेत.

लघवीत मीठ, साखर किंवा टूथपेस्ट घालून फेस बघायचे उपाय मोबाइलवर फिरतात. एचसीजी ओळखण्याचा गुण यातल्या एकाही गोष्टीत नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि पोटाच्या एका बाजूला सणकून दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय किंवा रक्त जातंय, तर मळमळीबद्दल वाचत बसू नका, दवाखाना गाठा, रात्र असली तरी. गर्भ नळीत वाढत असू शकतो, आणि पट्टी तेव्हाही दोनच रेघा दाखवते.

सगळं ठीक असेल आणि मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड लगेच सुरू करा. बाळाचा मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, त्यामुळे ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही रीत डॉक्टर आणि आशाताईंना लावू नका. मुरुमांच्या, फिटच्या किंवा इतर कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी विचारा. फिटच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

मूल नको असेल तरी लपवून मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, धोका तसाच राहतो. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक फसलं हे कारण आता अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. अठरा वर्षं पूर्ण असतील तर फक्त तुमची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.