जपानी अश्वकवच करायचंय: कच्चं चामडं की कमावलेलं, उरुशी की काजूचा लेप?

जपानी घोड्याच्या कवचाला बागाई म्हणतात. आज पाहायला मिळणारे बहुतेक नमुने एदो काळातले, म्हणजे १६०३ ते १८६८ मधले, आणि ते मुख्यतः मिरवण्यासाठीच. त्यामुळे प्रतिकृती करताना बाण अडेल का, हा प्रश्न सोडून द्या. तागासारख्या जाड कापडावर चामड्याचे छोटे चौकोन शिवायचे, प्रत्येकावर ठशाची नक्षी, वर उरुशीचा (जपानी झाडाच्या चिकाचा) लेप आणि सोन्याचा वर्ख. चौकोन अडीच सेंटिमीटरचा आणि मधली फट दीड मिलिमीटरची धरली, तर चौरस मीटरला सुमारे १४०० तुकडे लागतात. प्रत्येकी चार भोकं. साहित्य निवडण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

अस्सल पद्धतीत न कमावलेलं कच्चं चामडं वापरतात. ते रात्रभर गार पाण्यात भिजवायचं. गरम पाणी नको: साठ अंशांच्या आसपास ओलं चामडं आक्रसून वाकडं होतं. वाळताना आटतं म्हणून तुकडे थोडे मोठे कापा, दोन ठशांमध्ये दाबा आणि पुरते वाळेपर्यंत, दोन-तीन दिवस, तसेच ठेवा. भोकं अर्धवट वाळल्यावरच पाडा, कडक झाल्यावर कडा चिरते. वाळलेला तुकडा लाकडासारखा वाजतो. उणीव एकच, पण मोठी: पाणी लागलं की पुन्हा मऊ पडतो. पाणी हमखास भोकांतून शिरतं, तुकडा वळतो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून भोकांच्या आतूनही लेप हवा.

साल-हिरड्याने कमावलेलं चामडं (कोल्हापुरी चपलेचं तेच) सोपं जातं. तीन मिलिमीटर जाडीचं घ्या, ओलसर करा, ठसा मारा. दिवसात बराच माल होतो. नक्षीची धार मात्र कच्च्या चामड्याइतकी कडक उमटत नाही. काचेच्या पेटीत ठेवायचं असेल तर कच्चं, घोड्यावर घालायचं असेल तर कमावलेलं.

खरी कसोटी लेपाची. उरुशी हा झाडाचा चीक. तो उन्हात वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो. २० ते २५ अंश तापमान, ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि आतून ओलसर केलेलं लाकडी कपाट लागतं. सोलापूरच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलात तर चिकटच राहील. दमट फार आणि थर जाड, तर वरची साय आधी धरते आणि सुरकुत्या पडतात. थर पातळ, दिवसाला एकच. आणि हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं! ज्याला बिब्बा उततो किंवा आंब्याचा चीक बाधतो, त्याने उरुशीच्या वाटेला जाऊ नये.

काजूही त्याच कुळातला. त्याच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं काजू लॅकर जपानमध्ये उरुशीला पर्याय म्हणून सर्रास वापरतात. ते साध्या हवेत वाळतं, अंगावर उतण्याची भीती बरीच कमी. वास मात्र उग्र, खिडक्या उघड्या हव्यात. उरुशीची खोली त्याला नाही; हातभर अंतरावरून फरक दिसतो, घोडा चालू लागला की दिसत नाही. १४०० तुकड्यांसाठी आम्ही काजूच घेऊ.

मुखवट्याला (बामेन) कागद चालतो, आणि ती लबाडी नव्हे: चामड्याबरोबर लगद्याचे मुखवटेही तिथे होतेच. साच्यावर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवा, दर तीन थरांनी पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत बुरशी धरते. आतली बाजू कोरी ठेवू नका, घोड्याच्या घामाने लगदा भिजतो. डोळ्याचं भोक पापण्यांना न लागेल इतकं मोठं कापा. भार कपाळावर आणि नाकाच्या हाडावर यावा, खालच्या मऊ भागावर नको. तिथे दाब आला की घोड्याला श्वास नीट घेता येत नाही आणि तो मान झटकून मुखवटा पाडतो.