अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन बांधून ऑईल प्रेशर मीटर लावला, दिवाळीपासूनचा अनुभव

गाडी 1978 ची अ‍ॅम्बॅसेडर मार्क 3, इंजिन तेच जुनं 1489 सीसीचं बीएमसी बी सिरीज पेट्रोल. दिवाळीच्या आधी इंजिन पूर्ण खोललं, बोअर केलं, नवे पिस्टन-रिंग, क्रँक टेन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून नवे शेल म्हणजे क्रँकचे बेअरिंग, ऑईल पंप पण नवाच, आणि बांधतानाच एक मेकॅनिकल ऑईल प्रेशर मीटर लावून घेतला. हिवाळा झाला, आपल्या सोलापूरचा उन्हाळा झाला आणि आता पाऊस चालू आहे, म्हणजे तिन्ही ऋतूंत काटा बघून झालाय. म्हणून लिहितोय, कारण काटा जरा खाली दिसला की लोक एकतर घाबरून चांगलं बांधलेलं इंजिन परत उतरवतात नाहीतर जाडंभरडं ऑईल ओततात, आणि दोन्हीत नुकसान गाडीचंच होतं.

आधी मीटरबद्दल. आत वाकवलेली पोकळ नळी असते, प्रेशर आलं की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो, बस एवढंच. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने 1849 साली याचं पेटंट घेतलं, आणि आजही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर तेच तत्त्व चालतं. सेंडर नाही, वायरिंग नाही, अर्थिंग खराब म्हणून काटा नाचणं नाही. बसवायच्या आधी आसरा चौकाकडच्या एका पंक्चरवाल्याकडं हवेवर लावून बघितला, दोन किलो प्रेशरला दोनच दाखवत होता, तिथंच निम्मं टेन्शन गेलं. डायलवर दोन्ही आकडे आहेत, किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड; 1 किलो म्हणजे साधारण 14.2 पीएसआय), मी खाली पीएसआयमध्येच लिहितो.

डॅशवरचा ऑईलचा लाल दिवा काढू नका. ब्लॉकवर दिव्याचा स्विच बसतो तिथं टी (दोन फाटे देणारा जोड) टाकून मी दोन्ही ठेवलेत. तो स्विच साधारण 5-7 पीएसआयला चालतो, म्हणजे दिवा लागला की वेळ निघून गेलेली असू शकते, आणि दिवा विझलेला आहे म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही, गरम इंजिन हायवेवर 15 वर चाललं तरी दिवा गप्पच बसणार. मीटरचा खरा फायदा हाच.

पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवलं आणि काटा उचलल्यावरच प्लग बसवले. नवीन बांधलेल्या इंजिनात बेअरिंगपर्यंत ऑईल पोचलंय हे डोळ्यानं बघता येतं, यासाठी तरी मीटर आधी लावावा.

आता माझ्या गाडीचे आकडे. ऑईल 20डब्ल्यू-50. डिसेंबरच्या सकाळी थंड स्टार्टला काटा सरळ 60 ला जातो आणि तिथंच थांबतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी वर जात नाही, कारण रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादाचं ऑईल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात सोडतो. गरम झाल्यावर टॉप गियरला साठच्या स्पीडला 45 ते 50. गरम आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) हिवाळ्यात 20-22, आणि मे महिन्यात टेंभुर्णीवरून भर दुपारी येऊन सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलो की 12-13. तोच पंप, तेच बेअरिंग, तेच ऑईल, फक्त ऑईल तापून पातळ झालेलं. या इंजिनाला गरम असताना चालत्या गाडीत 50 च्या आसपास आणि आयडलला 15 च्या आसपास हा ठोकताळा धरतात, आणि सगळ्याच जुन्या इंजिनांना दर हजार आरपीएमला 10 पीएसआय असा एक हिशोब सांगतात, त्यात हे व्यवस्थित बसतं.

एक लक्षात आलं ते म्हणजे पाण्याच्या तापमानाचा काटा मधे आला म्हणजे ऑईल गरम झालं असं नाही. पाणी लवकर तापतं, ऑईल मागून येतं. सोलापूरला लागूनच्या बाळे गावाच्या पुढं निघालं तरी प्रेशर चढंच असतं, मोहोळ जवळ आलं की मग काटा खाली येऊन स्थिर होतो. खरं रीडिंग तिथून पुढचं. घरासमोर पाच मिनिटं गाडी चालू ठेवून “अरे वा, 55 आहे” म्हणण्याला काही अर्थ नाही.

प्रेशर म्हणजे काय हे मला या काळात नीट उमगलं. पंप प्रेशर बनवत नाही, पंप फक्त ऑईल ढकलतो, पुढं वाट अडली की प्रेशर तयार होतं. शेतात ठिबक असलेल्यांना लगेच कळेल, लॅटरलचे (ठिबकच्या नळीचे) चार ड्रिपर निघून पडले तर मोटार तीच, पाणी तेवढंच, पण शेवटच्या डाळिंबापाशी प्रेशर राहत नाही. बेअरिंगचा गॅप म्हणजे ते ड्रिपर. आणि हा गॅप दुप्पट झाला तर गळती दुप्पट नाही, जवळजवळ आठपट होते, म्हणून मशीन शॉपमध्ये एक थाऊ इकडंतिकडं झाला तरी काट्यावर दिसतो. मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दोन इंचाचं, इंचाला एक थाऊ या हिशोबानं दोन थाऊच्या आसपास गॅप, आमच्या क्रँकला तो प्लास्टिगेज (दाबून गॅप मोजायची प्लास्टिकची बारीक दोरी) ठेवून मोजून घेतला होता. दुसरं असं की क्रँकचा भार पंपाच्या 50 पीएसआयवर तोललेला नसतोच, क्रँक फिरताना स्वतःच ऑईलचा थर ओढून घेतो आणि त्या थरातलं प्रेशर कितीतरी पटीनं जास्त असतं. पंपाचं काम तिथं ऑईल कमी पडू द्यायचं नाही, एवढंच.

मोजून घेतलेल्या या गॅपचा उपयोग फेब्रुवारीत झाला. तुळजापूरचा घाट उतरून येताना काटा एकदम 30 वर आला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी थंड स्टार्टला पण 60 च्या जागी 35 च. मिस्त्री म्हणाले, “मेन बेअरिंग गेलं असंल मालक, खाली उतरवावं लागंल.” मी म्हटलं थांबा, आवाज नाही, गॅप मोजलेला आहे, आणि बेअरिंग गेलं असतं तर थंड असताना जाड ऑईलला काटा बराचसा वर गेला असता आणि गरम झाल्यावर पडला असता. इथं थंडलाही कमी आणि गरमलाही कमी, म्हणजे ऑईल बेअरिंगला जायच्या आधीच कुठंतरी परत फिरतंय. या इंजिनाचा रिलीफ व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागं असतो, घुमटासारख्या डोक्याचा मोठा नट, त्याखाली फायबर वॉशर, आत स्प्रिंग आणि छोट्या पेल्यासारखा प्लंजर. नट काढला, प्लंजर चुंबकानं ओढून बाहेर घेतला तर त्याच्या कडेला सुताचा काळा पडलेला धागा चिकटलेला, नखाएवढा. सोलापुरात गॅरेजमध्ये हात-पार्ट पुसायला मिलचा सुताचा गुंताच वापरतात, त्यातला एक तुकडा पंपाकडून वर येणाऱ्या वाटेत राहिला होता आणि प्लंजरला सीटवर (त्याच्या बसायच्या जागेवर) पूर्ण बसू देत नव्हता. पुसला, सीट बघितली, ओरखडा नव्हता, नवे वॉशर टाकून बसवला, काटा परत 60 वर. अर्ध्या तासाचं काम. इंजिन उतरवलं असतं तर चार दिवस गेले असते आणि सगळं चांगलंच निघालं असतं. तेव्हापासून मिस्त्रींनी इंजिन बांधताना न सुटणारं सुती कापड ठेवलंय, मला फार बरं वाटलं.

अजून एक खूण, वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर काटा झटकन पडून परत येत असेल तर आधी डिपस्टिक काढा, लेव्हल कमी होऊन पंप हवा ओढत असतो. आणि प्रेशर हळूहळू उतरतंय पण डिपस्टिकवर लेव्हल वाढलीय, तर ऑईलचा वास घ्या, पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असू शकतं, अशी गाडी लगेच बंद करा.

जाड ऑईलबद्दल बऱ्याच जणांनी सल्ला दिला, उन्हाळ्यात 12 बघून तर हमखास. काटा वर जाईल, मान्य, पण थंड स्टार्टला ते ऑईल व्हॉल्व्हमधून तसंच चेंबरला परत जाणार आणि इंजिनच्या माथ्यावरच्या रॉकरपर्यंत पोचायला उशीर होणार. 12 ला इंजिन शांत चालतंय, रेस दिली की काटा लगेच उचलतोय, तर मला तो आकडा चालतो. गेल्या उन्हाळ्याच्या 12 चा पुढच्या उन्हाळ्यात 8 झाला तर मात्र बघावं लागेल, म्हणून डॅशच्या कप्प्यात वही ठेवलीय, ऑईल बदललं की गरम आयडल आणि साठच्या स्पीडचं रीडिंग लिहून ठेवतो.

मीटरच्या तक्रारी दोनच. रात्री डायलचा उजेड फार मंद, आणि सोबत आलेली नायलॉनची नळी मला पटली नाही, एक्झॉस्टजवळ गेली तर वितळायची आणि गरम ऑईल थेट पायावर. मी तांब्याची नळी घातली, इंजिन हलतं म्हणून फायरवॉलपाशी तिला दोन वेटोळे दिले आणि भोकात रबर ग्रोमेट बसवलं. तांबं पण कंपनानं कडक होऊन तडकतं, तेव्हा सर्व्हिसिंगला जोडापाशी बोट फिरवून ओल लागते का बघायचं. घेणाऱ्यांनी 0 ते 7 किलोचा डायल घ्या, 10 चा घेतला तर आयडलचं रीडिंग कोपऱ्यात दबतं आणि नेमकं तेच नीट दिसायला हवं असतं.