स्कायरिम व्हीआर: तयार यादी उतरवावी की मॉड्स स्वतः जुळवावीत?

ओळखीत कुणाकडे नवा हेडसेट आला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. स्कायरिम व्हीआर, म्हणजे हेडसेट घालून खेळायची स्कायरिमची आवृत्ती, घेतलं आहे; मॉड्सशिवाय, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या भरींशिवाय, ते अपुरं आहे हेही कळलं आहे. आता कुणीतरी जुळवलेली यादी आयती घ्यायची की एकेक मॉड निवडून आपली मांडणी करायची? मी दोन्ही केलं आहे. आधी जवळपास चार महिने दुसऱ्याच्या यादीवर खेळलो, मग ती पुसून स्वतःची जुळवणी केली. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. पण तयार यादीने मला जे दिलं तेही खरं आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तयार यादी म्हणजे बहुतेक वेळा वाबाजॅक. हे साधन मॉड्स स्वतः वाटत नाही. यादी करणाऱ्याच्या संगणकावरची मांडणी नेमकी कशी आहे याची कृती या साधनाकडे असते, आणि त्याप्रमाणे ते प्रत्येक मॉड मूळ ठिकाणाहून उतरवून तुमच्याकडे मॉड ऑर्गनायझर २ या मॉड्स सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये तशीच मांडणी उभी करतं. नेक्सस या मॉड्सच्या संकेतस्थळाचं सशुल्क सदस्यत्व असेल तर हे काम तुमच्याशिवाय चालतं. नसेल तर प्रत्येक फाइलसाठी बटण दाबत बसावं लागतं, आणि मोठ्या यादीत अशा फाइली शेकड्यांनी असतात. मी एका महिन्याचं सदस्यत्व घेतलं, शनिवारी रात्री सुरू केलं आणि रविवारी जेवणाच्या आधी खेळ तयार होता. मधे दोनदा वीज गेली, पण उतरलेल्या फाइली जागेवर राहतात, त्यामुळे फारसं नुकसान झालं नाही.

पहिली संध्याकाळ मी विसरणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये संगणकावर आलेल्या मूळ खेळात हवेत तरंगणारे दोन हात असतात, बाकी शरीरच नाही. यादीत व्हीआरआयके हे शरीर दाखवणारं मॉड होतं, म्हणून खाली पाहिलं तर माझे पाय दिसले, कमरेला तलवार दिसली आणि हात नेऊन ती उपसता आली. हिग्जमुळे टेबलावरचं सफरचंद बोटांनी उचलता आलं. प्लँकमुळे तलवारीचा घाव जिथे लागायला हवा तिथेच लागला. हे सगळं एकमेकांशी नीट बोलत होतं, आणि त्यासाठी मी काहीच केलं नव्हतं. ज्याला आठवड्यातून दोन संध्याकाळीच वेळ मिळतो, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. शिवाय ‘फुस रो दाह’सारख्या यादीत वेगवेगळी प्रोफाइल्स असतात: एकात फक्त व्हीआरची पायाभूत मॉड्स, पुढच्यात त्यावर देखणेपणा, तिसऱ्यात खेळाचे नियमही बदललेले. संगणकाला झेपेल ते घ्यायचं. मी खेळत होतो ती यादी दुसरी होती. तिचं नाव सांगत नाही, कारण ती कुणीतरी आपल्या वेळात, विनामोबदला केलेली होती आणि चांगली केलेली होती.

अडचण एका झाडाची झाली.

त्या यादीत मी स्वतः एक मॉड घातलं होतं: खेळातल्या रिव्हरवूड गावाच्या वरच्या अंगाला एक छोटं घर. व्हीआरमध्ये पुस्तक खरोखर हाताने फळीवर ठेवता येतं, आणि मी कित्येक संध्याकाळी तेच केलं होतं. गुहेतून सापडलेली पुस्तकं आणून एकेक उभी लावायची, पडलं की पुन्हा लावायचं. मग यादीची नवी आवृत्ती आली. अपडेट करताना वाबाजॅक मांडणी यादीबरहुकूम करतं, म्हणजे यादीत नसलेलं काढून टाकतं. आपलं मॉड टिकवायचं तर त्याच्या नावाआधी चौकटी कंसात ‘नोडिलीट’ लिहावं लागतं. ही सोय आहे आणि ती लिहिलेलीही असते, पण मला तेव्हा माहीत नव्हती. साठवलेला खेळ, म्हणजे सेव्ह, उघडताना खेळाने सांगितलं की या सेव्हला लागणारी काही सामग्री आता नाही. मी तिथेच थांबलो, पुढे सेव्ह केलं नाही, मूळ फाइल जपून ठेवली होती ती पुन्हा बसवली आणि घर परत आलं. पुस्तकंही जागेवर होती. फक्त नव्या आवृत्तीत कुठल्यातरी मॉडने त्या उतारावर जंगल दाट केलं होतं, आणि माझ्या दाराच्या चौकटीतून एक पाइन उगवला होता.

झाड काढणं मुळात सोपं आहे. एक्सएडिट या संपादकात तो भाग उघडायचा, कोणत्या प्लगइनने (मॉडच्या, खेळातल्या नोंदी बदलणाऱ्या फाइलीने) ते झाड ठेवलं आहे ते शोधायचं, छोटा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, करायचा. पण समोर काही शे प्लगइन्सची रांग होती आणि त्यातलं एकही मी निवडलेलं नव्हतं. कोण कशासाठी आहे, कशाला हात लावला तर दुसरं काय कोलमडेल, काहीच सांगता येत नव्हतं. त्यात यादी करणाऱ्यांनी आधीच असंख्य पॅच घातलेले असतात, त्यामुळे एक धागा ओढला की तो चौथ्या ठिकाणी निघतो. दोन रात्री शोधलं. प्रत्येक तपासणीसाठी पंखा बंद करायचा (आमच्या खोलीत छत उंच नाही, तलवार उगारली की हात पात्याला लागतो), चष्मा सांभाळत हेडसेट चढवायचा, खेळ सुरू व्हायची वाट पाहायची, डोंगर चढून दारापर्यंत जायचं, झाड पाहायचं, हेडसेट काढायचा. साध्या पडद्यावर हीच चूक मिनिटाभरात तपासून होते. व्हीआरमध्ये प्रत्येक चुकीला घामाची किंमत असते, आणि म्हणून चूक कुठे आहे हे आपल्याला माहीत असणं इथे जास्त मोलाचं ठरतं. माझा निर्णय तिथेच झाला. दुसऱ्या कुणाला हा त्रास एवढा वाटणारही नाही, हे मान्य आहे.

आता स्वतःची जुळवणी. साधन तेच, मॉड ऑर्गनायझर २ (एमओ). व्हॉर्टेक्स या दुसऱ्या साधनावर समाधानाने खेळणारे लोक मी पाहिले आहेत, पण मला एमओची डावी-उजवी बाजू समोर दिसलेली आवडते. डावीकडे मॉड्सचा क्रम, म्हणजे एकाच नावाची फाइल दोघांकडे असेल तर कुणाची वापरायची. उजवीकडे प्लगइन्सचा क्रम, म्हणजे खेळातली एकच नोंद दोघांनी बदलली असेल तर कुणाची खरी धरायची. खेळाच्या मूळ फोल्डरला हात लागत नाही. टिक काढली की मॉड गेलं.

मॉड्स एकत्र करण्याचं अर्धं शहाणपण या दोन बाजू जुळण्यात आहे, आणि ते मला एका काळवंडलेल्या चेहऱ्याने शिकवलं. गावकऱ्यांचे चेहरे सुधारणारी दोन मॉड्स मी घातली होती. डावीकडे एक वरचढ, उजवीकडे दुसरं. चेहऱ्याची आकृती एकाची आणि नोंद दुसऱ्याची, म्हणून चेहरा काळा आणि मान मात्र नेहमीच्या रंगाची. हेडसेटमध्ये असा माणूस हातभर अंतरावर येऊन बोलू लागतो तेव्हा खरोखर दचकायला होतं. पण माझ्याकडे तेव्हा चाळीस मॉड्स होती आणि चेहऱ्यांना हात लावणारी फक्त दोन. दोन्ही बाजूंना एकच वरचढ केलं, पाच मिनिटांत प्रश्न मिटला. झाडाच्या दोन रात्री आणि चेहऱ्याची पाच मिनिटं, माझ्याकडे एवढंच मोजमाप आहे.

यात कष्ट नाहीत असं म्हणणार नाही. पहिले तीन आठवडे मी खेळलो कमी आणि जुळवलं जास्त. व्हीआरच्या काही खास खाचाखोचा आहेत, त्या आधी कळल्या असत्या तर निम्मा वेळ वाचला असता. खेळाची व्हीआर आवृत्ती १.४.१५ वर थांबलेली आहे. याचा फायदा असा की रात्रीतून अपडेट येऊन सगळं मोडत नाही. तोटा असा की साध्या पडद्यावरच्या स्पेशल एडिशनसाठी बनवलेली डीएलएल (खेळाच्या प्रोग्राममध्ये कोड घालणारी फाइल) इथे चालत नाही. मॉडच्या पानावर व्हीआरची वेगळी फाइल आहे का, किंवा नावात ‘एनजी’ आहे का (ही बहुधा सगळ्या आवृत्त्यांना चालतात, तरी वर्णन वाचावंच), ते पाहिल्याशिवाय डीएलएल असलेलं काहीही घालू नका. माझे सुरुवातीचे बहुतेक क्रॅश याच एका कारणाने होते. टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं), वस्तूंच्या आकृती, आवाज यांना ही अट नसते.

दुसरं, हलकी प्लगइन्स (ईएसएल), जी प्लगइन्सच्या ठरावीक मर्यादेत मोजली जात नाहीत. व्हीआरला ती मुळात समजत नाहीत, त्यामुळे अडीचशेच्या आसपास मर्यादा लवकर येते. त्यासाठी स्कायरिम व्हीआर ईएसएल सपोर्ट नावाचं मॉड आहे, ते एसकेएसई या अनेक मॉड्सना लागणाऱ्या पायाभूत साधनाच्या व्हीआर आवृत्तीसोबत पहिल्याच दिवशी घ्या. तिसरं, अनऑफिशियल पॅच, म्हणजे मूळ खेळातल्या चुका दुरुस्त करणारं चाहत्यांचं मॉड. २०२१ मध्ये वर्धापन आवृत्ती आल्यानंतरच्या त्याच्या आवृत्त्या व्हीआरकडे नसलेल्या फाइली मागतात, म्हणून आधीची ४.२.५बी शोधून घ्यावी लागते. तयार यादीत हे सगळं आधीच सोडवलेलं असतं, आणि या एका बाबतीत तिचं पारडं निर्विवाद जड आहे.

दिसण्याचं म्हणाल, तर माझी जुळवणी कुठल्याही मोठ्या यादीपुढे साधी वाटेल. पण हेडसेट ९० हर्ट्झवर चालवायचा तर दोन्ही डोळ्यांची मिळून एक चौकट साधारण ११ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, आणि माझं ग्राफिक्स कार्ड मध्यम आहे. जुन्या यादीत व्हाइटरन शहराच्या बाजारात वळून पाहिलं की दृश्य मागे रेंगाळायचं, आणि अर्ध्या तासाने मला मळमळायचं. आता मी डोंगर-रस्त्यांचे टेक्स्चर ४के ऐवजी २के ठेवले आहेत आणि गवत विरळ केलं आहे. मळमळ थांबली. यादीतही हे बदलता आलं असतं, नाही असं नाही. पण कोणतं मॉड किती ओझं टाकतंय हे आज मला माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

मग यादी कुणी घ्यावी? ज्याला खेळात काहीही जोडायचं नाही, कार्ड दणकट आहे, डिस्कवर भरपूर जागा आहे आणि यादी करणाऱ्याची आवड आपल्याशी जुळते, त्याने खुशाल घ्यावी. एकदा बसवली की अपडेटच्या मागे न लागता तो प्रवास त्याच आवृत्तीवर संपवावा, कारण नवी आवृत्ती जुन्या सेव्हला चालेल याची हमी बहुतेक यादी करणारे देत नाहीत. पण गावाबाहेर आपलं घर हवं, विशिष्ट पावसाचा आवाज हवा, अमुक एक गाव आहे तसंच राहू द्यावं, अशी इच्छा आत्ताच मनात येत असेल, तर ती पुढे वाढत जाते असा माझा अनुभव आहे. अशा माणसाने ते तीन आठवडे खर्च करावेत असं मला वाटतं. हवं तर आधी एक लहान यादी उतरवून तिची डावी बाजू नुसती वाचावी. विभाग कसे पाडले आहेत, पॅच कुठे ठेवले आहेत, हे त्यातून चांगलं कळतं. माझी मांडणी मी तशीच पाहून शिकलो.

सुरुवात करताना खेळ विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरच्या बाहेर बसवा. पहिल्या संध्याकाळी एसकेएसई, ईएसएल सपोर्ट, ॲड्रेस लायब्ररी (डीएलएलवाल्या मॉड्सना लागते), अनऑफिशियल पॅच, स्कायूआय या मेन्यू सुधारणाऱ्या मॉडची व्हीआर आवृत्ती, व्हीआरआयके, हिग्ज आणि प्लँक, एवढंच घाला. मग रिव्हरवूडहून नदीकाठाने व्हाइटरनच्या दरवाजापर्यंत चालत जा. वाटेत लांडगा येतो, लढाई होते, हवामान बदलतं, वेशीशी भाग बदलतो. बिघडणारं बरंचसं तेवढ्यात बिघडतं. नीट पोहोचलात तर पूर्ण एमओ फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा आणि पुढची तीन मॉड्स दुसऱ्या दिवशी घाला.