कोलिब्री: रेंज नसलेल्या मराठी शाळेसाठी कामाचं, पण मुख्याध्यापकांनी आधी ठरवलं तरच

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढायला लागलं की मोबाइलची रेंज येते-जाते, आणि पावसाळ्यात विजेचा तर नेम नसतोच. नेटवर अवलंबून असलेलं साहित्य अशा शाळेत आलं की चार दिवसांत कपाटात जातं. कोलिब्री मुळात इंटरनेटशिवाय चालण्यासाठीच बनवलेलं आहे. लर्निंग इक्वॅलिटी या ना-नफा संस्थेचं हे धडे, व्हिडिओ आणि सराव-प्रश्न दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एका लॅपटॉपवर ते बसवायचं, साधा वायफाय राउटर लावायचा आणि टॅबच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून पुढे ८०८० हा पोर्ट लिहायचा. धडे उघडतात. राउटरला सिम लागत नाही, ब्रॉडबँडही नाही.

बसवायला तासभर पुरतो. खरं काम त्याच्या आधीचं आहे आणि ते मुख्याध्यापकांचं आहे. कोणती इयत्ता, कोणता विषय आणि वर्षाअखेर मुलांना नेमकं काय यायला हवं, हे एका पानावर लिहून शिक्षकांसमोर आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत वाचून दाखवावं. ‘डिजिटल शाळा करणार’ एवढ्यानं काही ठरत नाही. ‘पाचवीच्या प्रत्येक मुलाला दिवाळीपर्यंत भागाकार यावा आणि कन्नडमधली छोटी गोष्ट न अडखळता वाचता यावी’ असं लिहिलं की कोणतं साहित्य घ्यायचं ते आपोआप कळतं. हे पान नसेल तर उत्साही शिक्षक खान अकॅडमीचं अख्खं इंग्रजी चॅनेल (कोलिब्रीत साहित्याच्या एका संचाला चॅनेल म्हणतात) उतरवून घेतात, डिस्क भरते, आणि ऑफ तासाला व्हिडिओ लावून वर्ग गप्प बसवण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही. आयात करताना चॅनेलमधले हवे तेवढेच घटक निवडता येतात. तेच करावं.

सीमाभागासाठी सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘धडा’ तयार करण्याची सोय. आपल्या मुलांना मराठी माध्यमात शिकताना कन्नड आणि इंग्रजीही पेलायची असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर एकच चित्रगोष्ट अनेकदा तिन्ही भाषांत असते, आणि मुक्त परवान्यामुळे ती उतरवून वापरता येते. शिक्षकानं एका धड्यात आधी मराठी, मग कन्नड, शेवटी इंग्रजी अशी तीच गोष्ट लावायची. चित्रं तीच, प्रसंग तोच. त्यामुळे कन्नड ओळीचा अर्थ मुलाला आधीच ठाऊक असतो आणि त्याचं सगळं लक्ष अक्षरं जुळवण्याकडे लागतं. कन्नडच्या शिक्षकांनी आणि वर्गशिक्षकांनी मिळून गोष्टी निवडल्या तर फारच उत्तम.

इंग्रजीच्या मानानं मराठी साहित्य मात्र फार कमी आहे. ही या सॉफ्टवेअरची मोठी उणीव. त्यावर इलाज म्हणजे कोलिब्री स्टुडिओ. त्यात पीडीएफ, ऑडिओ, व्हिडिओ चढवून आणि स्वतःचे प्रश्न लिहून शाळेचं चॅनेल करता येतं. सुरुवातीला जागा ५०० एमबीच मिळते, म्हणून मोठे व्हिडिओ टाळावेत. स्टुडिओला इंटरनेट लागतं, तेव्हा ते काम खानापुरात किंवा बेळगावात बसून करावं, चॅनेल तिथल्याच लॅपटॉपवरच्या कोलिब्रीत घ्यावं आणि तिथून पेनड्राइव्हवर निर्यात करून शाळेत न्यावं. पेनड्राइव्हवर ‘कोलिब्री डेटा’ नावाचा फोल्डर तयार होतो. नीटनेटकं ठेवायच्या नादात तो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला तर शाळेतल्या लॅपटॉपला चॅनेल सापडत नाही.

शिक्षकांच्या खात्यात प्रश्नमंजूषेचा अहवाल दिसतो: कोणता प्रश्न किती मुलांचा चुकला आणि कोणी काय उत्तर दिलं. पण तीन मुलं एका टॅबवर एकाच नावानं बसली की या अहवालाला काही अर्थ उरत नाही. टॅब १० आणि मुलं ३० असतील तर तीन तुकड्या पाडाव्यात. एक तुकडी टॅबवर, एक वहीत, एक शिक्षकाजवळ, आणि दर १२-१३ मिनिटांनी अदलाबदल. गोष्टी वाचायला जोडीनं बसलं तरी चालतं, प्रश्न सोडवताना नाही. ४० मिनिटांच्या तासात हे बसवायचं तर वेळापत्रकात हात घालावा लागतो, आणि तो अधिकार मुख्याध्यापकांचाच. दोन शिक्षकी शाळेत आठवड्याला असे दोन तास मिळाले तरी भरपूर झाले. लहान मुलांसाठी पासवर्डची अट काढून टाकता येते, ती जरूर काढावी. नाहीतर पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

अडचणी येतात त्या बहुतेक ठरलेल्या. टॅबवर पानच उघडत नसेल तर आधी विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सोय) बघावी. काल चाललेला पत्ता आज चालत नसेल तर राउटरनं लॅपटॉपला नवा आयपी दिलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो कायमचा बांधून टाकावा. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो आणि वर्गातले सगळे टॅब एकदम अडकतात, तीही सेटिंग बदलावी. स्वस्त पडतो म्हणून काही जण लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेतात. आपल्याकडची वीज त्याला सोसत नाही. अचानक बंद पडला की मेमरी कार्ड बिघडू शकतं. शिवाय त्यात घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे नेट नसताना तारीख मागे राहते आणि अहवालात मुलांचं काम चुकीच्या दिवशी दिसतं. धड बॅटरी असलेला जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप त्याहून बरा. राउटरला मात्र छोटा यूपीएस हवाच.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपशी तुलना होणारच. २०१७ साली सुरू झालेल्या त्या ॲपमध्ये पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की थेट त्या धड्याचं साहित्य मिळतं. कोलिब्रीत अशी जोडणी आपल्यालाच करावी लागते. पण दीक्षावर बालभारतीच्या पुस्तकांसाठीचं मराठी साहित्य वापरायचं झालं तरी महाराष्ट्राचं पुस्तक वेगळं आणि कर्नाटकाचं वेगळं, तेव्हा धडे जुळवण्याची मेहनत तिथेही चुकत नाही. निपाणी किंवा बेळगाव शहरात, जिथे नेट बरं आहे, तिथल्या शाळेनं दीक्षापासून सुरुवात करावी. रेंज नसलेल्या गावात कोलिब्रीच घ्यावं.

संगणकाची आवड असलेल्या शिक्षकाची बदली झाली की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून सुपर ॲडमिनची (सगळे अधिकार असलेली) खाती पहिल्याच दिवशी दोन करावीत, एक मुख्याध्यापकांच्या नावानं. दोन्ही पासवर्ड बंद पाकिटात ऑफिसच्या कपाटात ठेवावेत, चॅनेलची पेनड्राइव्हवरची प्रतही तिथेच. पदभार सोपवण्याच्या यादीत दोन्हींची नोंद करावी.